बाटलीवरचे ‘१००० मिलिग्रॅम’ नेमके कशाचे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सीबीडी (कॅनाबिडायॉल) हा भांगेच्या झाडातला एक घटक. सीबीडी तेलाच्या बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम’ असे ठळक छापलेले असते. घेणारा धरून चालतो की आत तेवढे सीबीडी आहे. पुष्कळदा तो आकडा सीबीडीचा नसतोच. तो पानांपासून काढलेल्या अर्काचा असतो, नाहीतर बाटलीतल्या सगळ्या तेलाचा असतो, आणि काही वेळा कशाचाच नसतो. गुडघेदुखी, झोप न लागणे, कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या वेदना अशा कारणांसाठी या तेलाची चौकशी अलीकडे मेडिकलच्या काउंटरवर आणि आयुर्वेदिक दवाखान्यांत वाढली आहे. चौकशी करणारे बहुतेक पहिल्यांदाच घेणारे असतात. आम्ही औषध विश्लेषण आणि फार्मसीच्या कामातली काही मंडळी आहोत. या विषयावर जाहिराती भरपूर दिसतात, हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे. जागा द्यावी ही विनंती.

सुरुवात इथून करू की ‘सीबीडी तेल’, ‘हेम्प ऑइल’, ‘कॅनाबिस ऑइल’ या नावांखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या, बियांचे तेल. हे खाद्यतेल आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि त्यात सीबीडी किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये अशी मर्यादा घातली. ३० मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे २८ ग्रॅम भरते. म्हणजे नियमाप्रमाणे बनवलेल्या बियांच्या तेलाच्या बाटलीत सगळे मिळून फार तर दोन मिलिग्रॅम सीबीडी असू शकते. कोशिंबिरीवर घालायला हे तेल चांगले आहे, त्यातली स्निग्धाम्लेही चांगली आहेत. दुखणे किंवा झोप यांसाठी ते घेणे मात्र निव्वळ पैसे घालवणे आहे. ऑनलाइन दुकानांत हेच तेल ‘३०,००० मिलिग्रॅम’, क्वचित ‘६०,००० मिलिग्रॅम’ असे लिहून विकले जाते. ३० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरली तरी आतला माल २८,००० मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. तिच्यात ६०,००० मिलिग्रॅम काहीही मावणार नाही. असा आकडा दिसला की पुढचे काही वाचायची गरज नाही. आणि घटकांच्या यादीत ‘कॅनाबिस सटायवा सीड ऑइल’ एवढेच असेल तर ते बियांचे तेल आहे, पुढच्या बाजूला काहीही छापलेले असो.

दुसरी वस्तू विजया अर्क. विजया हे भांगेचे आयुर्वेदातले नाव. भारतात परवान्यावर बनणारे आणि सीबीडी तेल म्हणून ओळखले जाणारे बहुतेक तेल ते हेच. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात (१९८५) गांजाची व्याख्या झाडाच्या भागावरून केलेली आहे. फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. पानांवर राज्यांचे आपापले कायदे लागू होतात, महाराष्ट्रात दारूबंदी कायदा आहे. या चौकटीत, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर, पानांचा अर्क काढून तो तेलात मिसळतात.

तिसरी वस्तू परदेशी बाटली. न्यू जर्सीहून किंवा लंडनहून येणारा नातेवाईक प्रेमाने ती सामानात टाकतो. अमेरिकेत २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेले हेम्प मोकळे केले. तिथे कायदा टीएचसीची टक्केवारी बघतो, आपला कायदा झाडाचा भाग बघतो. तिथले तेल सहसा फुलोऱ्यापासून काढतात, कारण सीबीडी सर्वांत जास्त तिथेच असते. त्यामुळे तिकडे दुकानात उघड मिळणारी बाटली मुंबईच्या विमानतळावर आपल्या कायद्याच्या शब्दांत गांजाचे मिश्रण ठरू शकते, तिच्यात टीएचसी कितीही कमी असो. पाहुण्यांकडून मागवू नका, कुरिअरनेही मागवू नका. उलट बाजूही तशीच कडक आहे. इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेली बाटली दुबईला किंवा सिंगापूरला जाताना बॅगेत राहून गेली, तर तिथे तो अमली पदार्थांचा गुन्हा होतो आणि इथली चिठ्ठी तिथे उपयोगी पडत नाही.

आता मूळ मुद्दा, विजया अर्काच्या बाटलीवरचा आकडा. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटकद्रव्य आणि त्याचे प्रमाण लिहावे लागते. घटकद्रव्य आहे विजयापत्राचा अर्क. म्हणून निर्माता लिहितो, ‘विजया अर्क १००० मिग्रॅ’. त्यात खोटे काही नाही. पण अर्कात सीबीडी किती, हे पीक, पाने तोडण्याची वेळ आणि काढण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. अर्कात ६० टक्के सीबीडी असेल तर बाटलीत ६०० मिलिग्रॅम मिळाले, २५ टक्के असेल तर २५०. दोन्ही बाटल्यांवर छापलेले एकच. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: ‘एका मिलिलिटरमध्ये सीबीडी किती मिलिग्रॅम आणि टीएचसी किती मिलिग्रॅम?’ उत्तर ‘फुल स्पेक्ट्रम आहे’, ‘दहा टक्के आहे’, ‘एकदम स्ट्राँग आहे’ असे आले तर ते उत्तर नव्हे.

किंमतही याच हिशेबाने बघावी. उदाहरण घेऊ. २,४०० रुपयांच्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम सीबीडी असेल तर मिलिग्रॅमला ४ रुपये पडले. ३,००० रुपयांच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम असेल तर ३ रुपये. महाग दिसणारी बाटली इथे स्वस्त ठरते. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळाली, तर बहुधा आत सीबीडीच कमी असते.

टीएचसीचा हिशेब याहून महत्त्वाचा, कारण चुकला तर त्रास त्याचाच होतो. सीबीडीने नशा येत नाही, टीएचसीने येते. भारतातल्या देशी वाणांत टीएचसी मुबलक असते, त्यामुळे पानांच्या अर्कातही ते उतरते. काही उत्पादने मुद्दाम समसमान प्रमाणात बनवलेली असतात. अशा तेलातून १० मिलिग्रॅम सीबीडी घेतले की सोबत १० मिलिग्रॅम टीएचसी पोटात गेले. कधीच न घेतलेल्या सत्तरीच्या माणसाला एवढ्यात गरगरणे, छातीत धडधड, घबराट, उठताना रक्तदाब खाली जाऊन पडणे, यांतले काहीही होऊ शकते. आणि घरचे समजतात की ‘हर्बल’ आहे, त्याने काय होणार!

‘०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी’ या ओळीनेही निर्धास्त होऊ नये. ती मर्यादा मुळात शेतातल्या वाळलेल्या पिकासाठी आखलेली आहे. तयार तेलात ०.३ टक्के म्हणजे ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम, मिलिलिटरमागे सुमारे २.८५ मिलिग्रॅम, आणि ३० मिलिलिटरच्या पूर्ण बाटलीत ८५ मिलिग्रॅमच्या घरात. अडीच मिलिग्रॅम टीएचसी ही नवख्या माणसासाठी सुरुवातीची पूर्ण मात्रा मानतात. म्हणजे या ‘नगण्य’ टक्केवारीच्या तेलाचा एक ड्रॉपर भरून घेतला तरी ती मात्रा ओलांडली जाते. पहिल्यांदा घेणाऱ्याने सीबीडी जास्त आणि टीएचसी अगदी कमी असलेलेच तेल निवडावे, आणि आपण घेणार त्या एका मात्रेत टीएचसी १ मिलिग्रॅमच्या आत राहते का, हे स्वतः मांडून बघावे. समसमान किंवा टीएचसी जास्त असलेली तेले डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी सांगितली तरच घ्यावीत. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल, तर टीएचसी असलेले तेल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय आणूच नये.

हे आकडे लेबलवर नसतील तर सापडतात प्रयोगशाळेच्या अहवालात. प्रामाणिक विक्रेता तो मागितल्यावर लगेच देतो, बहुधा बाटलीवरच्या क्यूआर कोडमधूनच. पण अहवाल असणे वेगळे आणि तो वाचणे वेगळे.

सर्वांत आधी बॅच नंबर. अहवालावरचा आणि आपल्या हातातल्या बाटलीवरचा बॅच नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एका चांगल्या बॅचचा अहवाल पुढची दोन वर्षे प्रत्येक बाटलीसोबत दाखवणे हा या व्यवसायातला सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त चालणारा खेळ आहे. मग तारीख बघा: बाटलीची निर्मिती मार्चची आणि अहवाल आधीच्या नोव्हेंबरचा असेल, तर तपासले ते काहीतरी दुसरेच. काही वेळा अहवाल कच्च्या अर्काचा असतो, तयार तेलाचा नसतो. नमुन्याचे वर्णन ‘अर्क’ किंवा ‘डिस्टिलेट’ आणि सीबीडी साठ-सत्तर टक्के दिसले की ओळखावे. अर्काची तपासणी हवीच, पण त्यावरून बाटलीत काय उतरले ते कळत नाही.

प्रयोगशाळा बाहेरची आहे का, तिला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, हे पुढचे. एनएबीएल मान्यतेखाली दिलेल्या अहवालावर ‘यूएलआर’ क्रमांक असतो आणि प्रयोगशाळेचा प्रमाणपत्र क्रमांक ‘टीसी’ने सुरू होतो. एनएबीएलच्या संकेतस्थळावर तो टाकला की त्या प्रयोगशाळेला नेमक्या कोणत्या चाचण्यांची मान्यता आहे तेही कळते. हे बघणे आवश्यक आहे, कारण पाणी आणि मसाले तपासायची मान्यता असलेली प्रयोगशाळा कॅनाबिनॉइड्सच्या, म्हणजे सीबीडी-टीएचसीसारख्या घटकांच्या, अहवालावरही तोच तोरा मिरवू शकते. क्यूआर कोड विक्रेत्याच्या पानावर नेतो की प्रयोगशाळेच्या, हेही बघा. विक्रेत्याच्या पानावरची पीडीएफ कुणीही बदलू शकतो. शंका आली तर प्रयोगशाळेला अहवाल क्रमांक कळवून खातरजमा करता येते.

चाचणीची पद्धत ‘एचपीएलसी’ असावी, तिच्यात नमुना न तापवता द्रवातच घटक वेगळे करून मोजतात. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) यंत्रात नमुना तापतो आणि त्या उष्णतेने सीबीडीए हे मूळ आम्ल सीबीडीत बदलते. त्यामुळे तेलात प्रत्यक्ष काय होते आणि यंत्रात काय तयार झाले, हे साध्या जीसीने वेगळे करता येत नाही. अहवालात ‘एकूण सीबीडी’ लिहिले असेल तर त्याचे सूत्र असे: सीबीडी अधिक ०.८७७ गुणिले सीबीडीए. तापवल्यावर आम्लातला कार्बन डायऑक्साइड उडून वजन घटते, म्हणून हा गुणक लावतात. टीएचसी आणि टीएचसीए यांनाही तोच. बाटलीत प्रामुख्याने सीबीडीएच असेल तर अर्क नीट तापवलेला नाही, आणि ‘एकूण’ आकडा फसवा ठरतो, कारण जिभेखाली ते आम्ल आपोआप सीबीडी होत नाही.

निकाल सहसा वजनाच्या टक्क्यांत असतात, लेबल मिलिलिटरमध्ये. जुळवायचे कसे? समजा अहवाल सांगतो सीबीडी ३.५ टक्के. म्हणजे एका ग्रॅममध्ये ३५ मिलिग्रॅम. अर्क ज्यात मिसळतात त्या एमसीटी तेलाच्या (खोबरेलापासून वेगळे काढलेल्या, थंडीतही पातळ राहणाऱ्या तेलाच्या) एका मिलिलिटरचे वजन सुमारे ०.९५ ग्रॅम, म्हणून मिलिलिटरमध्ये ३३ मिलिग्रॅमच्या थोडे वर. तीसने गुणले की ९९८. लेबल १००० म्हणते, ठीक आहे. दहा टक्के इकडेतिकडे चालवून घ्यावे, त्याहून फरक असेल तर बाटली परत करावी. टीएचसीसमोर ‘एनडी’, म्हणजे आढळले नाही, असे असेल तर शेजारचा मोजण्याच्या मर्यादेचा रकाना बघा. ती मर्यादाच ०.१ टक्का असेल, तर ‘आढळले नाही’ म्हणूनही मिलिलिटरमागे जवळपास एक मिलिग्रॅम टीएचसी आत असू शकते.

मग अशुद्धी. हेम्पचे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेते. चेर्नोबिलजवळच्या दूषित जमिनीवर ते प्रयोगादाखल लावले गेले ते याच गुणामुळे. अर्क काढताना हे धातू आणि कीटकनाशके सीबीडीबरोबर एकवटतात. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा अशा: शिसे १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. अहवालात हे चारही आकडे हवेत, नुसते ‘पास’ नको. कीटकनाशके, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष), ई. कोलाय आणि साल्मोनेला यांचेही रकाने हवेत. द्रावकांचे अवशेष काढण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेल्या अर्कात ती चिंता कमी, इथेनॉलने काढलेल्यातही थोडा अंश राहिला तर फारसे बिघडत नाही, औषधांसाठीची मर्यादा ५,००० पीपीएम आहे. हेक्झेनची मर्यादा मात्र फक्त २९० पीपीएम. स्वस्तात काढलेल्या अर्कात हा आकडा मुद्दाम शोधावा. कार्बन डायऑक्साइडने काढलेले म्हणजे आपोआप उत्तम, असेही नाही. पाने कुजकी असतील तर यंत्र काय करणार.

रंगावरून काही ठरवू नका. गडद हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो, ताकदीचा नाही. नीट गोठवून मेण आणि हरितद्रव्य काढलेले तेल सोनेरी दिसते. थंडीत नाशिककडे बाटली पांढरी घट्ट झाली तर आत एमसीटी नसून साधे खोबरेल असण्याची शक्यता मोठी. नुकसान काही नाही, पण लेबलवर एमसीटी लिहिले असेल तर विचारायला हवे. खवट वास आला तर तेल टाकून द्यावे.

‘एवढी चिकित्सा कशाला?’ असे वाटणाऱ्यांसाठी दोन नोंदी. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. लेबलप्रमाणे सीबीडी फक्त ३१ टक्के उत्पादनांत निघाले. २६ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा कमी होते, ४३ टक्क्यांत जास्त, आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. दुसरी नोंद अमेरिकेतल्या यूटा राज्याची. डिसेंबर २०१७ आणि जानेवारी २०१८ या काळात ‘सीबीडी’ म्हणून विकलेल्या मालामुळे तिथे ५२ जणांना विषबाधा झाल्याची नोंद झाली. भ्रम, झटके, उलट्या, शुद्ध हरपणे. तपासलेल्या मालात सीबीडी नव्हते, प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम कॅनाबिनॉइड होते. दोन्ही घटना बाजारपेठ मोठी आणि ग्राहक जागरूक मानल्या जाणाऱ्या देशातल्या आहेत.

विजया अर्काच्या लेबलवर कायद्याने आणखी एक गोष्ट असावी लागते आणि ती बघायला दोन सेकंद लागतात. भांग ही औषध नियमांच्या ई(१) अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. तिच्यापासून बनवलेल्या आयुर्वेदिक औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापणे बंधनकारक आहे. ती नसेल, परवाना क्रमांक, निर्मात्याचा पूर्ण पत्ता, बॅच, निर्मिती आणि मुदत संपण्याची तारीख यांतले एक जरी नसेल, तर ती बाटली परवानाधारकाची नाही असे समजावे. चिठ्ठी न मागता, किंवा ‘आमचे डॉक्टर फोनवर दोन मिनिटांत चिठ्ठी देतील’ म्हणून विकणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे. दोन मिनिटांत तुमची चालू औषधे कुणी विचारत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

सीबीडी यकृतातल्या सीवायपी २सी१९ आणि ३ए४ या विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदावते. अनेक औषधे याच वाटेने शरीराबाहेर पडतात. वाट अडली की त्या औषधांची रक्तातली पातळी वाढते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) चढून रक्तस्राव होऊ शकतो. फिट्सच्या क्लोबाझामबरोबर गुंगी फार वाढते. व्हॅल्प्रोएटबरोबर यकृताचे एसजीपीटी-एसजीओटी वाढल्याचे फिट्सच्या रुग्णांत स्पष्ट दिसले आहे. किडनी बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसची पातळी वाढते. क्लोपिडोग्रेलचे उलटे आहे: ते औषध कामाला लागण्यासाठी २सी१९ हाच विकर लागतो, म्हणजे स्टेंट बसवलेल्या माणसात ते कमी पडण्याची भीती. यांपैकी काही चालू असेल, यकृताचा आजार असेल, किंवा झोपेची गोळी रोज लागत असेल, तर ज्यांनी ती औषधे दिली त्याच डॉक्टरांना आधी विचारा. वैद्यांकडून तेल घेताना ॲलोपॅथीची सगळी औषधे सांगा आणि तिकडे जाताना हे तेल सांगा. लपवालपवीत हाल रुग्णाचेच होतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये. अठरा वर्षांखालच्या मुलांना घरच्या मनाने देऊ नये.

मुलांच्या फिट्सचा विषय निघतोच, म्हणून थोडे स्पष्ट. सीबीडीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे तो इथेच. ‘एपिडायोलेक्स’ या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने जून २०१८ मध्ये लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्रावे या अवघड प्रकारांसाठी मान्यता दिली, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिसची भर पडली. पण पहिल्या दोन प्रकारांच्या मात्रा बघा: वजनाच्या किलोमागे रोज १० ते २० मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, तेही यकृताच्या तपासण्या करत. बाजारातली १००० मिलिग्रॅमची बाटली अडीच ते पाच दिवसांत संपेल, आणि तिच्यात टीएचसी असेल तर तेही त्याच पटीत मुलाच्या पोटात जाईल. त्या संशोधनाचा दाखला देऊन ही बाटली खपवणारा विक्रेता वेगळ्याच वस्तूचे श्रेय घेत असतो. फिट्सची चालू गोळी बंद करून तेल सुरू करणे तर जिवावर बेतू शकते. बाकी आजारांत चिंता आणि झोप यांसाठी संशोधन अजून प्राथमिक आहे, दुखण्यासाठीचा पुरावा कच्चा आहे, आणि कर्करोग बरा होण्याचा पुरावा नाही.

हे सगळे बघून, डॉक्टरांच्या संमतीने घ्यायचे ठरले, तर थोड्या मात्रेने सुरुवात करा. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. पहिल्यांदा घेणाऱ्याने रात्री ५ मिलिग्रॅमपासून सुरू करावे. मिलिलिटरमध्ये ३३ मिलिग्रॅम असलेल्या तेलाचे हे ०.१५ मिलिलिटर होतात. थेंबांवर विसंबू नका, ड्रॉपरच्या टोकाप्रमाणे एका मिलिलिटरचे पंचवीसही थेंब होतात आणि चाळीसही. मेडिकलमध्ये मिळणारी सुईविना १ मिलिलिटरची सिरिंज आणा, तिच्यावर ०.१५ची रेघ स्पष्ट दिसते. बाटली आधी हलवा, तेल जिभेखाली मिनिट-दीड मिनिट धरा, मग गिळा. परिणाम दिसायला एक-दोन तास लागू शकतात. अर्ध्या तासात ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी मात्रा घेणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. मात्रा आठवडाभर तीच ठेवावी आणि वाढवायची तर डॉक्टरांना विचारून.

जेवणाचा परिणाम मोठा आहे. तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतल्यास सीबीडीचे शोषण चार पटींपर्यंत वाढते. एकादशीला उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीवर असे घेतले तर मात्रा एकच असूनही शरीरात पोचणारे प्रमाण सारखे राहत नाही. रोज एकाच प्रकारे घ्या. वहीत वेळ, मात्रा, झोप, त्रास एवढे टिपून ठेवा, आणि त्या दिवसांत दुसरे नवे औषध किंवा काढा सुरू करू नका. जुलाब, भूक मंदावणे, सुस्ती हे नेहमीचे दुष्परिणाम. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर लगेच थांबून यकृताची तपासणी करा. टीएचसी असलेले तेल घेऊन गाडी चालवू नका. हे तेल कधीही वाफ करून ओढू नका, तेलकट वाफेने फुप्फुसाला सूज येते.

बाटली गडद काचेची असावी, गॅसजवळ किंवा खिडकीत नको, आणि उभी ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास ड्रॉपरचे रबर तेलात भिजून मऊ पडते. नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात.

एक गोष्ट रायगड-रत्नागिरीच्या वाचकांसाठी खास. जहाजांवर काम करणाऱ्यांची लघवीची तपासणी होते. ती सीबीडी शोधत नाही, टीएचसीपासून शरीरात बनणारा पदार्थ शोधते. रोज थोडे थोडे टीएचसी पोटात गेले की ते चरबीत साठते आणि काही दिवसांनी तपासणीत येते. ‘औषध म्हणून घेतले’ हे सांगून कंपनी ऐकेलच असे नाही. ज्यांची नोकरी अशा तपासणीवर अवलंबून आहे त्यांनी पानांच्या संपूर्ण अर्काचे तेल घेऊ नये. खेळाडूंनाही हेच लागू. उत्तेजकविरोधी नियमांत २०१८ पासून सीबीडी चालते, टीएचसी चालत नाही.

शेवटी अन्न व औषध प्रशासनाकडे आमच्या दोन मागण्या. पहिली, विजया अर्काच्या प्रत्येक बाटलीच्या पुढच्या बाजूला, मराठीत, मिलिलिटरमागे सीबीडी आणि टीएचसी किती मिलिग्रॅम ते छापायला लावावे. अर्काचे वजन मागे लहान अक्षरांत असले तरी चालेल. दुसरी, आक्षेपार्ह जाहिराती कायदा १९५४ पासून आहे आणि कर्करोग, मधुमेह, फिट्स बरे करण्याची जाहिरात त्यात थेट गुन्हा ठरते. अशा जाहिराती सध्या मोबाइलवर मराठीत राजरोस फिरतात. त्यांच्यावर कारवाई व्हावी आणि जप्त नमुन्यांचे टीएचसीसह निकाल जाहीर व्हावेत. तोवर ज्यांना बाटलीबद्दल शंका आहे किंवा घेऊन त्रास झाला आहे, त्यांनी ती टाकून देऊ नये. उरलेले तेल, खोका आणि बिल तसेच ठेवून प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि बॅच नंबर त्यात जरूर लिहावा, कारण त्यावाचून नमुना शोधता येत नाही.

आपले,
औषध विश्लेषण व फार्मसी क्षेत्रातील काही वाचक, पुणे